ध्रुवनानांनी परत आणलेली माणसे

‘ध्रुवनानांचा आवाज पहाडी होता’, असे आमच्या मंडळाच्या स्मरणिकेच्या मसुद्यात लिहिले आहे. ज्याने हे लिहिले त्याने नानांना ऐकलेले नाही. नानांची खासियत नेमकी उलटी होती. गोष्ट ऐन भरात आली की त्यांचा आवाजच नाहीसा होत असे. ओठ हलत राहत, भुवया चढत, हात हवेतला दोर ओढत. पण शब्द बाहेर पडत नसे. समोरची माणसे पुढे सरकत, श्वास रोखत आणि त्या हलत्या ओठांवरून पुढचे समजून घेत. चार-पाच वाक्यांनंतर आवाज जसा गेला तसा परत येई. मी सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत चौतीस वर्षे शिकवले. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही माझा शब्दन् शब्द ऐकू जाईल असा आवाज कमावला. त्या चौतीस वर्षांत कोणी माझ्याकडे असे पुढे सरकल्याचे मला आठवत नाही.

मसुद्यात दुसरे असत्य असे, की नाना तरुणपणी सैन्यात होते आणि हिमालयात पहारा करताना त्यांनी बर्फ अनुभवले. नाना शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले ते थेट उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, आणि साठी ओलांडेपर्यंत त्यांनी कापडच विणले. बर्फ त्यांनी पाहिले ते गोळेवाल्याच्या लारीवरचे, म्हणजे हातगाडीवरचे. सुरतेत पौषातल्या एखाद्या पहाटे हवा किंचित गार झाली, की ते स्वेटर चढवून, कान बांधून, गल्लीच्या तोंडाशी उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत, ‘हे काहीच नाही’. ज्याने बर्फाची थंडी कधी पाहिली नव्हती, त्याच्या त्या बोलण्यावर लोक माना डोलवत. सैन्याची दंतकथा तिथूनच निघाली असावी.

तिसरे असत्य मला व्यक्तिशः लागणारे आहे, म्हणून ते स्पष्टच खोडून काढतो. ध्रुवप्रदेशांच्या कथा नानांना ‘कुठूनशा अवगत झाल्या’, असे मसुदा म्हणतो. त्या कुठूनशा आल्या नाहीत. त्या माझ्या कपाटातून आल्या. आमचे वाचनालय म्हणजे प्रारंभी माझ्या पदरचे एक लोखंडी कपाट होते, आणि त्यात जुन्या बाजारातून आणलेले एक जाडजूड मराठी पुस्तक होते. त्याचे पुठ्ठे गेले होते, पहिली आठ पाने गेली होती, त्यामुळे ते कोणाचे आणि त्याचे नाव काय हे मला आजवर कळलेले नाही. त्यात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या ध्रुवाकडे गेलेल्या तुकड्यांच्या हकिकती होत्या: बर्फात रुतून चिरडलेली जहाजे, कुत्र्यांच्या घसरगाड्या, सहा महिन्यांची रात्र, काळी पडून गळणारी पायांची बोटे. नानांना स्वतःच्या सहीपलीकडे अक्षर येत नव्हते. खात्याला सुट्टी असे त्या वारी दुपारी ते माझ्याकडे येत, पायरीवर न बसता माझ्या अगदी समोर बसत आणि विचारत, “गुरुजी, आज कितलं पुढे जाणं शे?” मग मी वाचत असे आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असत. पापणी लवत नसे. असा श्रोता मला वर्गात कधी लाभला नव्हता. खरे सांगायचे तर ती नजर मला सुखवत असे.

ते वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान होते. तरी साऱ्या गल्लीचे, माझ्या पत्नीसकट, ते नाना, आणि ध्रुवाच्या गोष्टींमुळे ध्रुवनाना. आणि मी मात्र गुरुजी, म्हणजे शाळेच्या हुद्द्यापुरता.

एकदा एका विद्यार्थ्याच्या वडिलांना भेटण्यासाठी मी नानांच्या खात्यात गेलो. ज्यांनी लूमचे खाते आतून पाहिले नाही त्यांना सांगतो: तिथे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडले तरी ऐकू जात नाही. कारागीर एकमेकांशी बोलतात ते ओठांनी. चार लूम पलीकडचा माणूस नुसता ओठ हलवतो आणि अलीकडचा समजतो. बायकोचा निरोप, गावची बातमी, शिवी, सगळे असेच चालते. मी दारात उभा राहिलो तेव्हा नाना आपल्या दोन लूमच्या मधे उभे राहून ओठ हलवत होते. आसपासचे सात-आठ कारागीर हाताने सुताची तुटलेली तार सांधत होते आणि डोळ्यांनी त्यांना ऐकत होते. मधेच सगळे एकदम हसले. मग एकाने डोळे पुसले. मागच्याच सुट्टीला मी वाचलेली हकिकत चालली होती, एवढे मला हातवाऱ्यांवरून कळले. पण काय चालले आहे ते कळेना. ज्या खोलीत बहुतेकांना अक्षरओळख नव्हती त्या खोलीत, माझ्याच पुस्तकाच्या बाबतीत, एकटा मी निरक्षर होतो. त्या पालकाला न भेटताच मी परत आलो.

घरीही तेच. आमच्या ओसरीवर दुपारी सात-आठ बायका साड्यांना खडे चिकटवण्याचे काम घेऊन बसत. त्यांत माझी पत्नीही असे. त्यांचा वेळ जावा म्हणून मी एकदा त्यांना पुस्तक वाचून दाखवायला बसलो. अर्ध्या तासात एकीला दूध तापवायचे आठवले, दुसरीला मुलाला आणायचे आठवले. त्याच आठवड्यात नाना आले, खांबाला टेकून बसले आणि त्यांनी तीच सफर सांगायला घेतली. त्या दिवशी दूध कोणालाही आठवले नाही. संध्याकाळी मी पत्नीला विचारले, की मी वाचले त्यात आणि यांनी सांगितले त्यात फरक तरी काय होता. ती खड्यांचा डबा बंद करत म्हणाली, “तुम्ही वाचता तेव्हा थंडी पुस्तकातच राहते. नाना सांगतात तेव्हा मला पाय पदराखाली ओढून घ्यावे लागतात.” महिना वैशाखाचा होता आणि आमच्या ओसरीवर पत्रा होता.

आता नानांच्या सांगण्याचा एक नमुना देतो. दक्षिणेच्या तुकडीला दोन महिने पांढऱ्याखेरीज काही दिसले नाही, इथपर्यंत पुस्तकातले. पुढे नाना सांगत, की त्या तुकडीतला स्वयंपाक्या उरलेला चहाचा चोथा तंबूबाहेर एकाच जागी टाकत असे. माणसे सकाळी बाहेर येऊन त्या काळ्या ठिपक्याकडे बघत बसत. बघून झाले की घसरगाडी ओढायला लागत. एके दिवशी वाऱ्याने तो चोथा नेला, तेव्हा त्यांच्यातला सर्वांत धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडला. मी ते पुस्तक तीन वेळा चाळले. त्यात चोथा नाही, ठिपका नाही, रडणारा धिप्पाड माणूस नाही. मी नानांना जाब विचारला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बारा तास पांढरं कापड देखनाऱ्याले इचारा गुरुजी. डोयाले टेकाले जागा लागस.” डोळ्यालाही टेकायला जागा लागते, हे वाक्य आज आमच्या गल्लीत म्हणीसारखे वापरतात. कोणाच्या घरात झाडपूस फार झाली की म्हणतात, कोणी नको तितकी गोरी सून शोधू लागले की म्हणतात. माझे एकही वाक्य कोणी वापरत नाही.

परंतु चोथ्याचे मी क्षम्य म्हणून सोडून दिले असते. मला सोडवेना ती दुसरी गोष्ट. ध्रुवाकडे दोन तुकड्या निघाल्या. एक आधी पोचली, दुसरी नंतर. आणि नंतरच्या तुकडीतली ध्रुव गाठलेली माणसे परतीच्या वाटेवर मेली; शेवटचे तिघे तर, अन्नाचा साठा फार दूर नसताना, तंबूत गोठून. हे पुस्तकात आहे आणि हे मी वाचून दाखवले होते. नाना मात्र त्यांना परत आणत. त्यांच्या गोष्टीत ती माणसे काठी टेकत टेकत बंदरावर येत, जहाजावर चढत आणि पहिल्यांदा गरम पाण्याने पाय धूत. बायका सुटकेचा श्वास टाकत. केवळ एका तुकडीची ही कथा नव्हे. जिथे म्हणून पुस्तकात मृत्यू होता तिथे तिथे नानांची माणसे वाचत. मी मनाशी म्हटले, हा मनुष्य टाळ्यांसाठी मेलेल्यांना उठवतो आहे.

याच सुमारास त्यांनी एकदा वाचन संपल्यावरही उठायचे नाव घेतले नाही. मग खाली बघत म्हणाले, “गुरुजी, माले वाचाले शिकाडशात का?”

नाना त्या वेळी चाळिशीचे होते. मी ज्या शाळेत होतो तिथून त्यांचे घर हाकेच्या अंतरावर होते. त्यांना शिकवणे मला कितपत जड होते, हे मी दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेणार नाही. सहा महिन्यांत वाचते झाले असते. मी म्हणालो, या वयात डोळ्यांना त्रास कशाला, मी आहे ना वाचून दाखवायला. ते हसले आणि गेले. पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही. मी कारण सांगितले ते वयाचे आणि डोळ्यांचे. पण मनात होते ते असे, की हे वाचू लागले तर सुट्टीच्या दुपारी माझ्यासमोर कोण बसेल. सांगण्यात तर ते माझ्या पुढे गेलेच होते. वाचणे एवढेच माझ्याकडे उरले होते, आणि ते मी दिले नाही.

पुढे गणेशोत्सवात मंडळाने मांडवात नानांचा कथाकथनाचा कार्यक्रम ठेवला. कथाकथन, नानांचे, आणि आभारप्रदर्शन, माझे. मी व्यासपीठावर त्यांच्या मागे, खुर्चीवर बसलो होतो. ती माणसे बंदराशी पोचली, पाय धुवायला पाणी तापले, आणि मला राहवले नाही. मी उभा राहून माझ्या कमावलेल्या आवाजात म्हणालो, “नाना, हे असत्य आहे. ती माणसे मेली.” नानांनी मागे वळूनही पाहिले नाही. ते सांगतच राहिले. पाण्याची वाफ, पायांचा रंग, पहिला चहा. पुढच्या रांगेतून कोणी म्हणाले, “गुरुजी, बसा ना.” कोणी गुजरातीत तेच म्हटले. मी बसलो. साऱ्या उधन्यासमोर त्या माणसाने मला उत्तर देण्याइतकीही किंमत दिली नाही, असे मी धरून चाललो आणि त्यानंतर दोन वर्षे आम्ही बोललो नाही. सुट्टीच्या दुपारी ते आले तर मी आत झोपलेला असे. हळूहळू ते येईनासे झाले. मग काम सुटले आणि ते शहराच्या दुसऱ्या भागात, पर्वत पाटियाला, मुलाकडे राहायला गेले.

मसुद्यात या दोन वर्षांविषयी ‘काही गैरसमज’ एवढेच आहे. गैरसमज एकाच बाजूने होता.

दोन वर्षांनी पत्नीनेच मला बाहेर काढले. नाना अंथरुणाला खिळल्याचे तिला कळले होते. तिने ते बिनपुठ्ठ्याचे पुस्तक पिशवीत घातले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, रागवायला जायचे असेल तरी जा, पण जा. पर्वत पाटियाला तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या मुलाने दार उघडले. आत जाण्याआधी त्याने मला जिन्यात थांबवले आणि सांगितले, “गुरुजी, मागून बोलू नका, बाबांना ऐकू येत नाही. समोर बसून बोला, म्हणजे तोंड बघून कळतं त्यांना.” मी विचारले, हे कधीपासून. तो म्हणाला, खात्यात होते तेव्हापासून, वीस-पंचवीस वर्षे तरी झाली; कळले तर मालक काढून टाकेल म्हणून घरात कोणाला बोलू देत नव्हते.

मी जिन्यातच उभा राहिलो. मांडवात मी मागे उभा होतो. ओसरीवर गोष्टीच्या भरात त्यांचा आवाज जात असे आणि खात्यातल्या सवयीने नुसते ओठ हलत, कारण आवाज गेला हे त्यांना स्वतःला कळतच नव्हते. सुट्टीच्या दुपारी ते माझ्याकडे टक लावून बघत, ते माझ्या वाचनाला भुलून नव्हे. माझे ओठ वाचत. आणि मग जे लक्षात आले ते मी आजवर पत्नीखेरीज कोणाला सांगितलेले नाही. कोणी मरण्याचा प्रसंग आला की वाचताना माझे डोळे भरत. शिक्षकाने असे दिसू नये, ही माझी समजूत. म्हणून त्या जागी मी पुस्तक वर उचलून चेहऱ्यासमोर धरत असे आणि पुस्तकाआडून वाचत असे. नेमक्या त्या जागा नानांना कधी पोचल्याच नव्हत्या. साऱ्या तुकड्यांचे सारे मृत्यू माझ्या पुस्तकामागे राहिले होते.

आत गेलो. ते वाळले होते, पण मला बघून उठून बसले. मी त्यांच्यासमोर बसलो, पुस्तक मांडीवर ठेवले आणि नंतरच्या तुकडीची शेवटची पाने वाचू लागलो. या वेळी पुस्तक वर नेले नाही. तंबू आला, वादळ आले, संपलेले तेल आले, झोपेच्या पिशव्या आल्या. माझे जे व्हायचे ते झाले आणि ते त्यांनी समोरून पाहिले. वाचून संपल्यावर त्यांनी फक्त एवढे विचारले, की सगळे गेले का. मी होकारार्थी मान हलवली. मग ते म्हणाले, “पुस्तक वर गयं का माले समजे, आते काहीतरी वाईट व्हई गयं. तुम्हले तोंड दखाडनं नव्हतं, मंग मी कसा इचारू?”

म्हणजे त्यांना माहीत होते. काय झाले ते नाही; पण काहीतरी वाईट झाले आणि या माणसाला त्या वेळी आपण बघितलेले नको आहे, एवढे ते समजत होते. माझी लाज राखण्यासाठी त्यांनी कधी विचारले नाही, आणि विचारता येत नव्हते म्हणून त्या माणसांना ते आपल्या हिमतीवर घरी आणत राहिले. माझ्या मनात त्या क्षणी काय आले ते लिहितो, कारण मी इतरांच्या असत्यावर बोट ठेवले आहे. माझ्या मनात आले, की इथेही हा माझ्या पुढे गेला.

निघताना त्यांनी मला बजावले, की ओसरीवरच्या बायकांना हे सांगू नका. त्या माणसांच्या परत येण्यावर त्यांनी किती साड्या पुऱ्या केल्या असतील. मी तसे वचन दिलेले नाही, म्हणून इथे लिहितो आहे. शिकवण्याचे जे राहिले होते, त्याबद्दल मी त्या दिवशी बोलायला हवे होते. जिना उतरेपर्यंत ते शब्द माझ्या तोंडात होते. रिक्षात बसल्यावरही होते. त्यानंतर दोन महिन्यांनी नाना गेले.

आता वाचनालयाचे. कपाटाची खोली झाली, खोलीचा आता हॉल होतो आहे, आणि समितीने त्याला नानांचे नाव द्यायचे ठरवले. मी लेखी हरकत घेतली होती. एकतीस वर्षे वाचनालय मी उघडले, मी झाडले, पुस्तकांना पुठ्ठे मी चढवले. आमचे तरुण चिटणीस मला समजवायला आले आणि म्हणाले, “गुरुजी, एवढं शुं काम, कशाला खेचता? गेलेल्या माणसाशी भांडण राहू द्या ने.” त्यांच्या हातात फलकाचा मजकूर होता: नानांचे नाव आणि खाली ‘थोर वाचक व व्यासंगी ग्रंथप्रेमी’.

माझी हरकत मी मागे घेतो. नाव नानांचेच असावे. परंतु त्या खालची ओळ मी मान्य करणार नाही, आणि हा लेख छापायचा असेल तर ही अट पाळूनच छापावी. नाना थोर वाचक नव्हते. फलकावर असे लिहावे, की हे उधन्यातल्या लूमच्या खात्यात कापड विणत, ध्रुवाच्या गोष्टी सांगत आणि यांना वाचता येत नव्हते. चिटणीस म्हणतात, वाचनालयाच्या दारावर हे बरे दिसणार नाही. लोक विचारतील, गल्लीत मराठी शाळा होती, वाचनालय होते, आठवड्याच्या आठवड्याला भेटणारा मास्तर होता, मग या माणसाला वाचायला का आले नाही. विचारू द्यावे. उत्तर देण्यासाठी मी रोज संध्याकाळी पाच ते सात तिथेच बसलेला असतो.